रोज एक कपडा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबा हरवले होते तेव्हा नेमके कुठे सापडले. तुमच्या आईनं घाईनं विषय बदलला आणि मीही तो बदलू दिला. ती फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मला लिहायला. पण आपली चूक इंग्रजीत लिहिली की ती थोडी सभ्य वाटायला लागते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा मराठीतच. अडेल तिथे आईला विचारा.

अमरावतीचं आपलं घर तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्ही फार लहान होतात. आपली कॉलनी सरकारी नोकरांच्या सोसायटीनं बांधलेली आहे. सगळी घरं एका नकाशाची: फाटक, तीन पायऱ्या, डाव्या हाताला व्हरांडा, गच्चीवर काळी टाकी. नवा पाहुणा एकदा तरी शेजाऱ्यांची बेल वाजवतो. आजोबांना याची गंमत वाटायची. ते शेतकी खात्यात होते आणि त्यांची सगळी नोकरी संत्र्याच्या बागांमध्ये गेली. शेंदूरजनाघाटला लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांनी एक बाग दाखवायला नेलं. ते मालकाशी बोलत राहिले, मी पुढे गेले आणि चुकले. कुठेही पाहिलं तरी तीच झाडं, तीच ओळ, तीच माती. घाबरून मी हाक मारली. ते आले, एक संत्रं तोडून सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "चल, मलेही रस्ता सापडून नाही राहिला. दोघं मिळून पाहू." पाच मिनिटांत आम्ही जीपजवळ होतो. त्या बागेत ते डोळे मिटून चालले असते, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

ते घरात वऱ्हाडीच बोलायचे. ऑफिसात शुद्ध आणि घरी आलं की 'मले, तुले'. मला ते आवडत नसे. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, नंतर मुख्याध्यापिका झाले. माझ्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, कपाटात रकाने होते, भिंतीवर वेळापत्रक होतं. ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत. पाहुण्यांसमोर म्हणाले की मी रागवायची, आणि मी रागवावं म्हणूनच ते पाहुण्यांसमोर म्हणत.

आजार सुरू झाला तो विसरण्यानं नाही. नावं त्यांना आठवत होती, तुमचे वाढदिवस आठवत होते. चुकत होता तो रस्ता. भाजी आणायला गेले की तासाच्या ऐवजी दोन तास लागायचे, आणि विचारलं की म्हणायचे, कुणीतरी भेटलं होतं. एकदा बडनेऱ्याला एका मित्राकडे स्कूटरवर गेले आणि संध्याकाळी स्कूटर तिथेच ठेवून ऑटोनं परत आले. पेट्रोल संपलं, म्हणाले. टाकी अर्धी भरलेली होती. मग डॉक्टर, तपासण्या, आणि त्या आजाराचं नाव. अल्झायमर.

डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं, की रस्ता पाठ असणं आणि त्या रस्त्यावर आपण आत्ता कुठे उभे आहोत हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांची दुसरी गोष्ट जाते आहे. हेही सांगितलं, की त्यांना सारखे प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घेऊ नका. मी ते वहीत लिहून घेतलं. मी सगळंच वहीत लिहून घेते. पण खरं सांगायचं तर, ही सूचना दुसऱ्या बायकांसाठी आहे असं मला वाटलं. ज्यांना शिकवता येत नाही त्यांच्यासाठी.

प्रश्न उभा राहिला तो सकाळच्या पेपरचा. पेपर आमच्याकडे घरी टाकायला येत नसे. आजोबा सात वाजता निघून चौकातल्या स्टॉलवर जायचे, पेपर घ्यायचे, तिथे दोन माणसांशी बोलायचे आणि परत यायचे. निवृत्तीनंतर हाच त्यांचा दिवसातला एक तास होता, ज्यात मी नव्हते. तुमची आई फोनवर म्हणाली, आता एकट्यानं बाहेर जाणं बंद करा. मीही बंद करायचं ठरवलं. तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकी तू म्हनशील ते करतो. पेपरले तेवढं मले एकट्याले जाऊ दे."

मी म्हटलं, बघू.

त्याच आठवड्यात अकोल्याला त्यांच्या धाकट्या भावाच्या नातीचं बारसं होतं. भावाचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, जिथे आजोबांचं बालपण गेलं. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी त्यांचा हात धरून होते, जणू ते खिडकीतून उडी मारणार होते. अकोल्यात पूल ओलांडला आणि ऑटोवाला म्हणाला, पुढे गर्दी आहे, इथेच उतरा. मी पिशवी घट्ट धरली, कारण त्या गल्ल्या मला कधीच नीट समजल्या नव्हत्या. आजोबा उतरले, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चालायला लागले. भांड्यांची दुकानं, मग एक बोळ, मग मशिदीची मागची भिंत, मग आणखी एक बोळ, जो बोळ आहे हे मला आत शिरेपर्यंत कळलं नाही. एकदाही थांबले नाहीत. मागे वळून एवढंच म्हणाले, "पाय उचल, मास्तरीणबाई." आणि आम्ही भावाच्या दारात होतो.

माझं मन इतकं हलकं झालं की पुढचं मी पाहिलं पण मनावर घेतलं नाही. जेवणानंतर हात धुवायला ते उठले आणि थेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेले. तिथे पूर्वी मोरी होती. आता तिथे फ्रीज आहे. ते फ्रीजसमोर ओले हात पुढे धरून उभे राहिले. भावानं हसून त्यांना बेसिनकडे नेलं. मीही हसले. परतीच्या बसमध्ये माझा निष्कर्ष तयार होता: जुना अभ्यास पक्का आहे, नवा कच्चा आहे. आणि कच्च्या अभ्यासाला उजळणी लागते.

मी नकाशा काढला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, पट्टीनं, लाल-निळ्या पेनानं. फाटकातून डावीकडे. कडुनिंबाशी, जिथे इस्त्रीचा ठेला असतो, उजवीकडे. पिठाच्या गिरणीवरून सरळ. मारुतीचं देऊळ, मग चौक. जाताना डावीकडे ते येताना उजवीकडे, हे खाली चौकट करून लिहिलं. रोज चहानंतर मी त्यांच्याकडून हा रस्ता म्हणून घेत असे. सुरुवातीला ते हसले. मग गप्प झाले. मग त्यांनी पाठ केलं. पंधरा दिवसांनी त्यांनी जायचा आणि यायचा रस्ता न अडखळता म्हणून दाखवला आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. तोंडी परीक्षा संपली की मुली तसंच पाहतात. मी म्हटलं, उद्यापासून जा.

नकाशा घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता ते गेले. मी व्हरांड्यात घड्याळ घेऊन बसले. सात पन्नासला पेपर घेऊन परत. तिसऱ्या दिवशी सात पंचेचाळीस. मी वहीत रकाने आखले, निघाल्याची वेळ, आल्याची वेळ. तुमच्या आईला फोनवर वाचून दाखवले. डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनी बराच वेळ वही पाहिली आणि म्हणाले, छान आहे, पण लक्ष ठेवा. त्यांना माझं कौतुक करता येत नाही असं मला वाटलं.

आता इस्त्रीवालीबद्दल सांगायला हवं. कडुनिंबाखाली तिचा ठेला आहे. कोळशाची इस्त्री, वर ताडपत्री. बाई पन्नाशीची, आवाज मोठा, कॉलनीतल्या कुणालाही काहीही बोलणारी. आजोबांना ती काकाजी म्हणायची आणि मला बाई. ते बागांच्या गोष्टी सांगायचे आणि ती म्हणायची, काकाजी, इतके वर्स संत्र्यात होते, मंग आमाले एक तरी फुकट खाऊ घातलं का. आमचे कपडे दर आठवड्याला तिच्याकडे एकदम जात आणि एकदम परत येत. ती माझी पद्धत होती.

पण पेपरचं पुन्हा सुरू झालं आणि त्या सुमारास कपडे एकेक यायला लागले. आज एक शर्ट, उद्या एक पोलकं, परवा उशीचा अभ्रा. रोज सकाळी ती स्वतः फाटकाशी यायची आणि एक कपडा देऊन जायची. कधी तो आजोबांच्या हातावर असायचा. दोघं एकत्र यायची, बोलत बोलत. मला वाटलं, वाटेत भेटली असतील. मला राग येत होता तो कपड्यांचा. यादी जुळेना. आठवड्याच्या यादीतल्या बारा कपड्यांपैकी किती आले, किती राहिले, रोज खुणा करत बसायचं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. ती म्हणायची, "हो बाई, आनतो ना," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच शर्ट.

दोन महिने असे गेले. होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका रविवारी मी ठेल्यावर गेले आणि शाळेत वापरायची त्या आवाजात तिला सांगितलं, की यापुढे सगळे कपडे फक्त रविवारी, एकदम. रोज एक कपडा आणलास तर मी घेणार नाही, परत पाठवीन, आणि पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडे देईन. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. इस्त्री तिनं बाजूला ठेवली. मग तिनं आमचे उरलेले सगळे कपडे बांधून माझ्या हातात दिले. घरी येऊन मी यादीवर खुणा केल्या. बारापैकी बारा.

सोमवारी आजोबा सात वाजता गेले. आठ वाजले. साडेआठ वाजले.

नऊला मी चौकात गेले. स्टॉलवाला म्हणाला, पेपर घेऊन कधीच गेले. ठेल्यावर इस्त्री थंड होती आणि तिथे कुणी नव्हतं. शेजारच्यांनी स्कूटरी काढल्या. कुणी बसस्टँडवर गेलं, कारण मी सांगितलं की ते अकोल्याला जाऊ शकतात. कुणी राजकमल चौकापर्यंत गेलं. मी तीनदा गच्चीवर जाऊन रस्ता पाहिला. फाटक, कडुनिंब, गिरणी, देऊळ. माझ्या नकाशात होता तोच रस्ता मी तीनदा पाहिला. गच्चीच्या मागच्या कठड्याकडे गेलेच नाही. तिकडे मी सकाळी साड्या वाळत घातल्या होत्या.

दीड वाजता फाटक वाजलं. इस्त्रीवाली आणि आजोबा. त्यांचा चेहरा उन्हानं काळवंडला होता, ओठ सुकले होते. डाव्या हातात पेपर, उजव्या हातावर घडी केलेली एक चादर. ते पायऱ्या चढून आले आणि चादर माझ्यापुढे धरली.

"घे, तुझी चादर. हिले एकटीले येववत नव्हतं, मी सोबत आलो."

निळ्या फुलांची चादर. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही आपली नाही."

पोरांनो, साडेसहा तासांनी माणूस परत आला होता, आणि मी हे म्हणाले.

ती त्यांना आत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग व्हरांड्यात आली. तिनं त्यांना आपल्या मागच्याच गल्लीत शोधून काढलं होतं. आपल्या घराची मागची भिंत आणि त्या गल्लीतल्या एका बंद घराचा ओटा यांच्यात फक्त रस्ता आहे. त्या ओट्यावर ते बसून होते, नकाशा मांडीवर उघडून. समोर मान वर केली असती तर माझ्या साड्या दिसल्या असत्या. त्यांनी वर केलीही असेल. त्या साड्या कुणाच्या, हे त्यांना कळलं नसेल.

"बाई, आता सांगतोच तुमाले," ती म्हणाली. "काकाजी रोजच चुकत होते. जाताना जात बराबर. येताना गिरनीपाशी उभे राहत, नकाशा पाहत. मी एक-दोनदा म्हनलं, चाला सोडून देतो. तं म्हने, मले काय झालं, मले रस्ता येते. मानूस मोठं, त्याइले कसं म्हनाव का तुमी चुकले? मंग मी एक कपडा हाती घ्यो. म्हनो, काकाजी, हे बाईले द्याचं हाय, तुमच्या गल्लीतले कुत्रे मले धरतात, सोबत चाला बरं. तं लगेच चालत. पुढं पुढं चालत. मी मांगून सांगो, इकून काकाजी, इकून कुत्रे नाई."

मी विचारलं, आज काय झालं.

"आज कपडा कुठं होता?" ती म्हणाली. "तुमी तं सारे नेले. मी म्हनलं तसंच चाला, तं म्हने, आज तुह्या हाती काही नाई, तू कायले येतं, तुहं काम पाह्य. थोडी मांगं गेली मी, तं उभे राहून मले वापस धाडलं. ठेल्यावर येऊन पाह्यते तं काकाजी दिसेच ना. मंग दुसऱ्याची ही चादर हाती घेतली आन शोधत फिरली."

तेवढ्यात आजोबा आतून आले आणि दाराला धरून उभे राहिले. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, काकाजी, एवढा वेळ बसले, कोनाले विचारलं काहून नाई. त्यांनी आवाज खाली आणला, आणि मी तिथे नसल्यासारखं तिला म्हणाले, "विचारलं असतं तं घरी समजलं असतं ना."

माझी गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती, आणि शहाणपण इथे सुरू व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती फाटकाशी आली. काकाजीले येऊ द्या बाई, म्हणाली, मी जाताना बी नेतो आन येताना बी आनतो, तुमी फक्त कपडे एकेक देत जा. मी म्हटलं, नको, त्याची आता गरज नाही. इतक्या गोड शब्दांत म्हटलं की ती तशीच परत फिरली. आज कारण शोधते तेव्हा मला त्यात काळजी थोडीच सापडते. दोन महिने सगळ्या गल्लीला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी त्याचे रकाने आखून लोकांना वाचून दाखवले होते, ते मला सहन होत नव्हतं.

मी फाटकाला कुलूप लावलं. पेपर घरी टाकायला सांगितला. आजोबा रोज सात वाजता चपला घालून फाटकाशी उभे राहायचे. कुलूप हातात घेऊन बघायचे, पण ते कधी ओढलं नाही. मी चपला उचलून ठेवायला लागले तर अनवाणी उभे राहायचे. ठेल्याच्या दिशेनं तिचा आवाज आला की मान तिकडे जायची. मग हळूहळू सात ऐवजी आठला येऊ लागले, मग कधीही. मग आलेच नाहीत. त्याच सुमारास घरातल्या घरात न्हाणीघर सापडेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, स्वतःला दोष देऊ नका. तेही मी लिहून घेतलं. होणार होतं हे मला मान्य आहे. पण त्याच्या आधी किती सकाळी शिल्लक होत्या, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

सहा आठवड्यांनी मी ठेल्यावर गेले. आजोबांचा एक धुतलेला शर्ट नुसताच तिच्यापुढे केला. एकच. तिनं माझ्याकडे पाहिलं, शर्ट घेतला आणि म्हणाली, सकाळी आनतो.

दुसऱ्या दिवशी सातला मी कुलूप काढून ठेवलं. त्यांच्या चपला पायरीवर मांडल्या. ती आली, शर्ट हातावर, आणि फाटकातूनच मोठ्यानं म्हणाली, "काकाजी, चाला बरं, चौकात जाऊन येऊ. कुत्रे हायेत गल्लीत, मले सोबत पायजे."

ते व्हरांड्यात खुर्चीवर होते. उठले, दोन पायऱ्या उतरले. तिच्याकडे पाहून हसले, परक्या माणसाकडे पाहून हसावं तसं. मग मोकळ्या फाटकाकडे पाहिलं, आणि फार अदबीनं म्हणाले, "माफ करा. मी इथं नवीन हाव. मले इथलं काही मालूम नाही."

तिनं शर्ट माझ्या हातात दिला आणि पदरानं तोंड पुसलं. आजोबा दुसऱ्या पायरीवर थांबले होते, मागे जावं की पुढे, ते न कळून. मी जवळ गेले. मला शेंदूरजन्याची ती बाग आठवली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती नंतर आठवली, ते गेल्यावर. त्या वेळी मी फक्त त्यांच्या हातावर शर्ट ठेवला आणि म्हटलं, हा आत नेऊन ठेवायचा आहे, मला कपाट सापडत नाही, जरा सोबत चला.

ते चालले. कपाटापर्यंत सोळा पावलं आहेत. वाटेत दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा मी काही म्हणाले नाही.